सीपी असलेल्या लहान मुलांच्या घराला नेमकं काय लागतं? (कोल्हापूर आणि आसपासच्या पालकांसाठी धागा)

फुलेवाडीची_आई

धागा उपचारांसाठी नाहीये हे आधीच सांगते. ज्यांच्या घरी सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे त्यांना ते काय असतं हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात लिहिते. बाळाच्या वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच इजा होते, ती इजा पुढं वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा जो बिघडतो तो जन्मभर सोबत राहतो. कुणाचा एका बाजूचा हातपाय, कुणाचे दोन्ही पाय, कुणाचं सगळं अंग. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, तिसाव्या आठवड्यात झालेला, चारही हातपाय कडक आहेत, मान आत्ता आत्ता नीट धरायला लागलाय, आणि हसतो असा की शेजारचे टीव्ही बंद करून बघायला येतात.

तर मुद्दा असा. बाळासाठी काय करायचं हे मला सगळे सांगतात. फिजिओनं दिलेला अर्धा तास, ओटीनं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, दिलेला अर्धा तास, स्पीचच्या मॅडमनी सांगितलेला तोंडाचा मसाज, स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालून उभं करायचं, झटक्यांची, म्हणजे फिट्सची, औषधं वेळेवर, भरवायला प्रत्येक वेळी पाऊण तास. सगळ्यांचे अर्धे अर्धे तास मिळवले की दिवस संपतो आणि स्वयंपाक कुणी करायचा ते कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. घराला काय लागतं हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही.

मला काय हवंय ते सांगते. आठवड्यातून दोन तास बाळाला घेऊन बसेल असं माणूस. मोलकरीण नकोय, लाडानं बघायला येणारे पाहुणेही नकोत, घास कसा द्यायचा आणि झटका आला तर काय करायचं हे ज्याला माहीत आहे असं कुणीतरी. त्या दोन तासांत मी काय करणार विचाराल तर झोपणार.

तुम्हाला काय हवं होतं, काय मिळालं, कुठं मिळालं, काय नाही मिळालं ते लिहा. कृपया बाबा, अंगारे, आणि "अमक्याचा मुलगा एका इंजेक्शननं चालायला लागला" हे नको.

तांबडा_पांढरा

ताई धागा लई गरजेचा होता. मी बापाच्या बाजूनं लिहितो कारण बाप या विषयात कुठं दिसतच नाहीत. कुठल्याही थेरपी सेंटरला जावा, बाकड्यावर सगळ्या बायका, एखादे आजोबा. बाप कुठाय तर ड्युटीवर. मी कागल एमआयडीसीत शिफ्टला आहे, थेरपीची वेळ दहा ते पाच, माझी फर्स्ट शिफ्ट असली की जमत नाही आणि थर्ड करून आलो की डोळे उघडत नाहीत. मग घरी येऊन बायकोला विचारायचं काय म्हणाले डॉक्टर, आणि ती दिवसभर दमलेली तेच सगळं परत सांगणार. परवा म्हणाली, इथून पुढं रेकॉर्ड करून ठेवते, तुमचं तुम्ही ऐका.

आम्हाला काय हवंय तर रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सातनंतर एक सेशन जिथं बापाच्या हातात मूल देतील आणि म्हणतील आता तुम्ही करून दाखवा. बापाला प्रेम नसतं असं नाही ओ, हात कुठं लावायचा तेच माहीत नसतं, मग तो लांब राहतो आणि बाहेरून दिसतं की याला काही पडलेलं नाही.

जाता जाता नोकरीवाल्यांसाठी. इन्कम टॅक्सला ८०डीडी खाली अपंग अपत्यासाठी ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची, आणि तेवढी बिलं दाखवावी लागत नाहीत, सरसकट मिळते. सीपीला १०-आयए नावाचा फॉर्म लागतो. फक्त जुन्या करप्रणालीत आहे हे बघून घ्या, नवीन निवडली की गेली.

राजारामपुरी_फिजिओ

फुलेवाडीच्या ताई, तुमचे ते अर्धे अर्धे तास वाचून मला आमच्याच लोकांचा राग आला. चार थेरपिस्ट चार कागद देतात आणि एकानंही दुसऱ्याचा कागद बघितलेला नसतो. पुढच्या वेळी सगळे कागद टेबलावर मांडा आणि म्हणा, यातलं मला रोज खरंच जमेल असं दोनच सांगा. चांगला थेरपिस्ट चिडणार नाही. चिडला तर समजून जा.

व्यायाम वेगळा वेळ काढूनच करायचा असतो हे डोक्यातून काढा. बाळाला कडेवर घेताच ना, मग दोन्ही पाय जुळवून आडवं घेण्यापेक्षा एक पाय तुमच्या पोटाकडं आणि एक पाठीकडं असं कमरेला मिठी मारून बसवा, मांड्यांच्या आतले स्नायू तिथंच ताणले जातात आणि पायांची कात्री होत नाही. झबलं घालताना जो हात जास्त कडक तो आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी. कुणी ओढून ताणून पाय सरळ करत असेल तर थांबवा, झटक्यात ओढलं की स्नायू अजून आवळतो, हळू आणि धरून ठेवायचं असतं. तेलाची मालीश करा, बाळाला बरं वाटतं, आजीलाही बरं वाटतं, पण मालीश केली म्हणजे थेरपी झाली असं नाही.

भरवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथं सगळ्यात जास्त गडबड बघते. पायावर आडवं घेऊन, मान मागं टाकून, घास तोंडात सोडायचा ही आपल्याकडची जुनी सवय. मान मागं गेली की श्वासाची वाट उघडी पडते आणि घास फुप्फुसाकडं जायचा धोका वाढतो. बाळाला बसतं करा, पाठीला आधार, मान किंचित पुढं झुकलेली, तुम्ही त्याच्या समोर आणि नजरेच्या खाली बसा म्हणजे ते वर बघणार नाही. चमचा समोरून, खालच्या बाजूनं आणा, जिभेवर हलकेच दाबा आणि ओठ मिटायची वाट बघा. वरच्या दातांवर खरवडून घास काढू नका. बऱ्याच मुलांना पाणी गिळणं सगळ्यात अवघड जातं, घट्टसर नाचणीची आंबील किंवा पेज सोपी जाते. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. रोज ठसका लागतोय, छातीत घरघर आहे, सारखा न्यूमोनिया होतोय, वजन वाढत नाही, यातलं काही असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, हे अंगावर काढायचं दुखणं नाही.

आणखी एक, खुब्याचा एक्स-रे. जी मुलं स्वतः चालत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकायचा धोका बराच असतो आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही. साधारण दोन वर्षांच्या आसपास पहिला काढतात, पुढचे कधी ते ऑर्थो ठरवतात. तुमच्या मुलाचा झाला नसेल तर विचारा.

गडहिंग्लजकर

शहरातली मंडळी वेळेचं बोलताय, आमच्याकडं प्रश्न अंतराचा आहे. मुलगी चार वर्षांची, दोन्ही पाय कडक, डोकं एकदम तल्लख, सगळ्या गाड्यांचे बोर्ड वाचते. गडहिंग्लजहून कोल्हापूर म्हणजे एका बाजूला दोन तास धरा, पाऊण तासाच्या थेरपीला अख्खा दिवस जातो, बायकोचा रोजगार बुडतो तो वेगळाच. गाडीत चढताना मुलगी एका हातात, वॉकर दुसऱ्या हातात, मागून लोक ढकलतात. आजरा चंदगडच्या लोकांचं तर बोलायलाच नको.

आम्ही शेवटी असं केलं की कोल्हापूरला महिन्यातून एकदा, तिथं मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्यायचा, बाई आमच्याच मुलीवर करून दाखवतात तो, यूट्यूबवरचा नाही. मग महिनाभर घरी. मध्ये काही अडलं तर मुलगी चालतानाचा व्हिडिओ पाठवतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून येतात, आमच्याकडं येणारे सर खरंच चांगले आहेत पण त्यांच्याकडं गावं किती. तालुक्याला आठवड्यातून एक दिवस जरी फिजिओ आणि ओटी एकत्र बसले तरी निम्मा जिल्हा दुवा देईल.

आणि पावसाळ्याचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुरात रस्ते बंद पडले होते, शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, आठवत असेल. झटक्यांचं औषध एक दिवसही चुकवायचं नसतं. जूनमध्येच डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन महिन्याभराचं जादा औषध घरात ठेवा, नदीकाठच्यांनी तर नक्कीच, आणि फाईल, प्रमाणपत्र, औषधाची चिठ्ठी असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

कळंबेकरीण

पुराच्या मुद्द्याला +१०००. हे कुठल्याच डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

बावड्याची_आजी

मी कसबा बावड्यात राहतो. नातू टाईप करून देतोय, मी बोलतो तसंच लिही म्हटलंय. माझी नात सा वर्साची हाय, सून शाळेत शिकवती, ती गेली की पोरगी माझ्याकडं. तुम्ही सगळे आईबापाचं लिवताय, आम्हा म्हाताऱ्यांचं कोण लिवणार. थेरपीवाल्या बाई सुनेला शिकवत्यात, सून रातच्याला मला सांगती, मधल्या मधी निम्मं सांडतंय. मला बी बोलवा की तिथं. दिवसभर उचलतो मीच, पोरगी आता वजनाला झाली, कंबर माझी गेली.

दुसरं म्हंजे लोकांची तोंडं. एक बाई मला म्हणाली, सुनेनं ग्रहण पाळलं नसंल. मी म्हटलं, माझ्या चार बाळंतपणांत मी एक बी ग्रहण पाळलं न्हाई, चारीबी धडधाकट हायती, आता बोल. परत आली न्हाई ती. आमच्या पोरीला जन्मल्यावर कावीळ चढली होती, ती डोक्यात गेली, डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. यात सुनेचा दोष कुठनं आला. सासवांनी हे बोललं पायजे, सुनेनं बोलून कोण ऐकत न्हाई.

झटका आला की शेजारनी कांदा घेऊन पळत येत्यात. त्यांना पयलं बाहेर काढायचं.

राजारामपुरी_फिजिओ

आजी, तुम्हाला साष्टांग. सुनेबरोबर पुढच्या वेळी तुम्ही याच, आणि थेरपिस्टनं नाही म्हटलं तर सांगा की दिवसभर मूल माझ्याकडं असतंय.

झटक्याचं आजी म्हणाल्या ते पक्कं लक्षात ठेवा. बाळाला एका कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढं चालला किंवा एक संपतोय तोवर दुसरा आला तर सरळ दवाखाना. डॉक्टरांनी नाकातला स्प्रे दिला असेल तर तो कधी मारायचा ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, आणि स्प्रे कुठं ठेवलाय तेही.

उचलण्याचं. कमरेतून वाकून उचलू नका. एक गुडघा जमिनीला टेकवा, बाळाला आधी छातीशी ओढून घ्या, मग उठा. पोरगी मोठी झाली की एकट्यानं उचलायचा हट्ट सोडा. आईची किंवा आजीची कंबर धरली की त्या घरातली थेरपी त्याच दिवशी बंद पडते, हे दरवर्षी बघते.

पंचगंगा_घाट

विषय सोडून आहे पण आमच्या ओळखीच्यांनी मोठ्या शहरात मुलाला स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी टोचायचा उपचार, केला, काही लाख गेले पण मुलगा बराच ॲक्टिव्ह झालाय म्हणतात. कुणी केलंय का इथं? जमीन विकायचा विचार चाललाय पाहुण्यांचा म्हणून विचारतो.

फुलेवाडीची_आई

धाग्यातच लिहिलं होतं नको म्हणून. पण जमीन विकायचं म्हणताय म्हणून फिजिओ ताईंनीच उत्तर द्यावं.

राजारामपुरी_फिजिओ

विकू नका म्हणावं. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा सिद्ध झालेला उपचार नाही, फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतोय तो उपचार विकतोय एवढं धरून चाला. "बराच ॲक्टिव्ह झाला" हे मूल सहा महिन्यांनी मोठं झालं आणि त्या सहा महिन्यांत कसून थेरपी झाली तरी होतं. तेवढ्या पैशात वर्षानुवर्षांची थेरपी, चांगली खुर्ची आणि आईला मदतीला बाई, सगळं बसतं.

बोटॉक्सची गोष्ट वेगळी आहे, त्याची गल्लत करू नका. कडक स्नायू सैल पडावा म्हणून ते इंजेक्शन खरंच देतात, असर काही महिने टिकतो आणि त्या काळात थेरपी आणि स्प्लिंट नीट झाले तरच उपयोग.

पंचगंगा_घाट

धन्यवाद, हेच त्यांना दाखवतो.

कागदवाले_काका

मी निवृत्त कारकून, नातवासाठी सगळी कागदं फिरवलीत म्हणून लिहितो.

पहिलं यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सीपी त्यात आहे, ४० टक्के किंवा जास्त प्रमाण असलं की बहुतेक सवलती लागू होतात. लहान मुलांना बरेचदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्यावरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तपासणीच्या दिवशी मुलाचा डबा, पाणी, जादा कपडे, चटई सगळं न्या. अंगाला पीळ पडणाऱ्या मुलाला घेऊन लोखंडी बाकावर किती वेळ बसायचं याचा विचार रांग लावणाऱ्यांनी केलेला नसतो. आमच्या वेळी एका ठिकाणी साहेब जेवायला गेले ते आलेच नाहीत, परत बोलावलं. चीड येते पण कागद सोडू नका.

दुसरं निरामय. केंद्राच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, १९९९ च्या कायद्यात ऑटिझम, सीपी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता हे चार आहेत त्यांच्यासाठी. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि मुख्य म्हणजे थेरपीची बिलंही यात बसतात, जी साध्या मेडिक्लेमवाले हात लावत नाहीत. पैसे आधी तुम्ही भरायचे, मग बिलं लावून परत मागायचे. थेरपिस्टकडून शिक्का असलेली पावती घ्या, वहीच्या पानावर लिहिलेलं चालत नाही.

तिसरं, ग्रामपंचायत असो वा महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हे ग्रामसभेत उठून विचारा. गावात कुणी विचारलं नाही तर पैसे तसेच पडून राहतात किंवा मार्चमध्ये काहीतरी वाटून मोकळे होतात. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा हलले.

खुर्चीसाठी केंद्राची एडीप योजना आहे, दिव्यांगांना साधनं देणारी, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर त्यातून मिळते, शिबिर लागलं की माप घेऊन जातात. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. संजय गांधी निराधारचं पण बघा, तहसीलला अर्ज असतो, पण दिव्यांगांसाठी उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजारांची आहे, म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नाही, आता सांगा या अटीत कोण बसतो.

तांबडा_पांढरा

काका नादखुळा. प्रिंट काढून कंपनीतल्या दोघांना देतो.

कळंबेकरीण

मी शाळेबद्दल लिहिते. माझी मुलगी पाच वर्षांची, तिचा सीपी वेगळा आहे, अंग कडक नाही पण सतत वळवळतं, हात जिथं न्यायचा तिथं जात नाही आणि शब्द फुटत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं हिला काही कळत नाही. एका शाळेनं प्रवेशाला तोंडावर सांगितलं, बाकीच्या मुलांचे पालक तक्रार करतील. दुसऱ्या एकीनं सांगितलं, आई दिवसभर वर्गात बसणार असेल तर घेतो. म्हणजे फी मी भरायची आणि नोकरीही मीच करायची फुकट. कायद्यात शाळेनं भेदभाव न करता घ्यायचं असं आहे, ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण पाच वर्षांच्या पोरीला दारातून परत आणताना कायद्याचं पुस्तक बरोबर नसतं ना.

आमचं कसं सुटलं ते सांगते, म्हणजे अजून पूर्ण सुटलेलं नाही. स्पीचच्या मॅडमनी हिला डोळ्यांनी बोलायला शिकवलं. फ्रीजच्या दारावर चार फोटो लावलेत, पाण्याचा तांब्या, ताट, संडासचं दार आणि रंकाळ्यावरचा झोपाळा. मी विचारते काय हवंय आणि हाताकडं अजिबात बघत नाही, डोळे कुठं थांबतात तेवढंच बघते. सुरुवातीला नजर पण भिरभिरायची, मी घाई केली की सगळं अंग ताठ व्हायचं. आता डोळे जातात, थांबतात, मग ती माझ्याकडं बघते, कळलं का म्हणून. हो असेल तर वर बघायचं, नाही असेल तर डोळे मिटायचे. गेल्या महिन्यात तिच्या बाबांनी विचारलं आजीकडं जायचं का, तर डोळे मिटले आणि झोपाळ्याकडं बघितलं. सासूबाई तिथंच बसल्या होत्या 😄

नवीन शाळेत त्या बाईंसमोर हेच करून दाखवलं. त्यांनी स्वतः पाच सहा प्रश्न विचारले, बरोबर उत्तरं आली, आणि मग त्यांनीच मुख्याध्यापकांना बोलावलं. मला जे हवं होतं ते एवढंच, समोरच्यानं थांबून बघावं.

उचगावला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डची समर्थ विद्यामंदिर आहे, नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ ला काढलेली संस्था, तिथं अपंग आणि धडधाकट मुलं बरोबर शिकतात. शेंडा पार्कला चेतना आहे, ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. आपल्या मुलाला कुठलं लागतं ते आधी नीट तपासून घ्या. सीपी म्हणजे मतिमंद असं धरून कुणी परस्पर शाळा सांगत असेल तर ऐकू नका. काहींना दोन्ही असतं, बऱ्याच जणांना नसतं.

शाहूपुरी_६वी_गल्ली

एवढे दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. सगळे बाळाचं लिहिताय, मी माझं लिहिते, कुणाला आवडणार नाही कदाचित. मुलगा दोन वर्षांचा आहे. बँकेतली नोकरी सोडली. हळदीकुंकवाला बोलवायचं बंद झालं, कुणी मुद्दाम नाही करत, "तुला कुठं जमणार" म्हणून परस्पर ठरवतात. नवरा चांगला आहे पण आमच्यात बाळाच्या औषधांपलीकडं बोलणं होत नाही. मोठी लेक सात वर्षांची आहे, ती परवा म्हणाली मला पण पाय दुखतात, मला पण व्यायाम शिकव. पाय दुखत नव्हते.

मला रडू येतं ते बाळासाठी नाही, मी दमलेय म्हणून येतं, आणि मग त्याचीच लाज वाटते. झोप लागत नाही, भूक नाही. हे कुणाला सांगायचं असतं?

फुलेवाडीची_आई

अगं व्यनि, म्हणजे खाजगी निरोप, केलाय, बघ. फोन कर, रात्री पण चालेल, आमच्याकडं तसंही कोण झोपतंय.

राजारामपुरी_फिजिओ

शाहूपुरीच्या ताई, लाज वाटायचं काहीही कारण नाही. झोप आणि भूक दोन्ही गेलीय, हे काही आठवडे चाललं असेल तर तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा, मानसोपचार तज्ज्ञाकडं गेलात तरी उत्तम. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते. जिवाचं काही बरंवाईट मनात येत असेल तर वाट बघू नका, आजच्या आज करा. लेकीला आठवड्यातून एकदा एकटीला घेऊन बाहेर पडा, नुसती भेळ खाऊन या, बाळाचं नावही काढू नका.

बावड्याची_आजी

पोरी, शाहूपुरी बावड्यापासनं काय लांब हाय. दुपारच्याला ये बाळाला घेऊन, मी दोघांस्नी बी सांभाळतो, तू आतल्या खोलीत पड.

तांबडा_पांढरा

आजींनी ताईंचा पहिला प्रश्न सोडवला की. म्हणजे लागतंय ते हेच, एकमेकांची पोरं घरात घ्यायची. ज्याच्या घरी सीपीचं मूल आहे त्याला घास आणि झटका शिकवायला लागत नाही.

खुर्चीचं राहिलं. शिबिराची वाट बघत बसण्यापेक्षा आम्ही गल्लीतल्या सुताराकडनं कॉर्नर चेअर करून घेतली. दोन प्लायच्या फळ्या काटकोनात, पोराची पाठ त्या कोपऱ्यात बसते म्हणजे खांदे आपोआप पुढं येतात आणि हात समोर राहतात. खाली बैठक, मांड्यांच्या मध्ये एक गोल खुंटी, तिच्यावर फोम आणि रेक्झिन, त्यानं पाय जुळत नाहीत आणि पोरगं पुढं घसरत पण नाही. समोर ट्रे, त्याला पोटाच्या जागी अर्धगोल कापलेलं. सुतार म्हणाला खुंटी कशाला, अडचण होईल, मी म्हटलं तीच मेन आहे. कडा घासून घ्या, आमच्याकडं ट्रेची एक कड राहिली होती तर पोरानं हनुवटी आपटली. आता त्याच ट्रेवर तो चुरमुरे एक एक वेचतो, निम्मे खाली, पण बसून.

राजारामपुरी_फिजिओ

झकास. फक्त प्रत्येकानं आपल्या थेरपिस्टकडून माप घेऊनच करा, दुसऱ्याच्या खुर्चीची कॉपी नको. बैठकीची खोली मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या थोडं अलीकडंपर्यंत, आणि एकसलग तास तास बसवू नका, वीस तीस मिनिटांनी जागा बदला. ज्याची मान अजून डगमगते त्याला डोक्यामागं आधार लागेल. फुलेवाडीच्या ताई, तुमच्या मुलासाठी हा बदल करूनच घ्या.

गडहिंग्लजकर

एक सुचवू का. पोरं वाढतात आणि स्प्लिंट, गेटर्स (गुडघा सरळ ठेवायचे पट्टे), वॉकर घरात पडून राहतात. स्प्लिंट मापाचा असतो, दुसऱ्याला चालणार नाही, पण वॉकर, स्टँडिंग फ्रेम, खुर्च्या फिरवता येतील. इथंच एक वेगळा धागा काढूया, कुणाकडं काय आहे आणि कुणाला काय हवंय.

संपादक

साहित्य देवाणघेवाणीसाठी वेगळा धागा उघडला आहे. कृपया फोन नंबर, पत्ते आणि मुलांचे फोटो जाहीर टाकू नयेत, व्यनि वापरावा.

फुलेवाडीची_आई

धन्यवाद संपादक. मंडळी, येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्या घरी या, तळमजला आहे, पायऱ्या नाहीत, मोठी सतरंजी घालते. बाप लोकांनी यायचंच, फिजिओ ताई तासभर येते म्हणाल्यात, पोरं बापांच्या हातात देणार आहेत. आया आतल्या खोलीत चहा पिणार. आजींना आणायला तांबडा_पांढरा गाडी घेऊन जातील असं मी परस्पर ठरवलंय.

तांबडा_पांढरा

जातो की. सेकंड शिफ्ट आहे, दोनच्या आत कागल गाठलं म्हणजे झालं.

शाहूपुरी_६वी_गल्ली

मी येते. मोठीला पण आणू का?

फुलेवाडीची_आई

आण की. कळंब्याची लेक आणि ती, दोघींना झोपाळ्याला पाठवू आजोबांबरोबर.

कळंबेकरीण

आमच्याकडं गेटर्सची एक जोडी पडून आहे, तीन साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मापाची, वेल्क्रो चांगला आहे, एक पट्टी बदलावी लागेल. ताई, तुमच्या मुलाचं मांडीपासून घोट्यापर्यंतचं माप व्यनि करा, बसत असतील तर रविवारी घेऊन येते.